मयतीचा गल्ला

बाय, तू गेल्यापासून गावात सगळे म्हणतात की तुझ्यासारखी बाई दुसरी झाली नाही. विहिरीवर म्हणतात, होड्यांपाशी म्हणतात, माझ्या तोंडावर तर जरा जास्तच म्हणतात. 'देवी व्हती, देवी.' मी मान हलवते. देवीचं एक बरं असतं, तिला खोकला येत नाही.

उरणच्या दवाखान्यात तुझा फोटो लावणार आहेत. खाली मजकूर हवा म्हणून कंपाउंडर दोनदा येऊन गेला. जन्म कुठला, शिक्षण काय, सेवा किती वर्षं. ते मी त्याला चार ओळींत देऊन टाकलं. हे लिहितेय ते त्याच्यासाठी नाही, भिंतीवर लावायचंही नाही. हे तुझ्यासाठी आहे आणि यात तुला न आवडणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. न आवडणारं काही बोलायला लागले की तू उठून चुलीपाशी जायचीस आणि भांडी वाजवायचीस. आता ती सोय तुला राहिली नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा उरणच्या बाजारात वाढलेली, सातवी झालेली, नाकावर माशी बसू न देणारी मुलगी होते. जासईला एसटीतून उतरून मिठागराच्या बांधावरून चिखल तुडवत यावं लागतं असल्या गावात मला दिली, म्हणून आईवर रागावलेली. माप ओलांडून आत आले तर मोठी नणंद समोर उभी. मला वाटलं ओवाळशील. तू माझा हात धरलास, उलटा केलास आणि नखं बघितलीस. 'काप ही. सैपाक करनार हायेस ना?' एवढं बोललीस. मी सासूच्या धाकाच्या गोष्टी ऐकून आले होते, नणंदेच्या कात्रीची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

तुझी कहाणी मला नंतर कळली, तुकड्यातुकड्यांनी. लग्न झालं त्याच वर्षी तुझा नवरा समुद्रावर गेला तो आला नाही, सासरच्यांनी तुला माघारी धाडलं. तुझ्या बापाने, म्हणजे माझ्या सासऱ्याने, तुला मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हा याच गावाने त्याच्या तोंडात शेण घातलं होतं. लोकांचं हगणंमुतणं काढायला पोरगी धाडली म्हणून त्याच्या होडीवर कुणी कामाला येईना. तू शिकून आलीस, उरणच्या धर्मादाय दवाखान्यात लागलीस, आणि मग त्याच लोकांचं हगणंमुतणं काढलंस. फुकट.

ते फुकट मला पहिल्यापासून टोचायचं. तू दवाखान्यातून संध्याकाळी दमून यायचीस, चपला काढायच्या आत ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. कुणाचं गळू, कुणाची बाळंतीण, कुणाच्या म्हाताऱ्याची लघवी अडलेली. हिरू पाटलाची आई लकव्याने पडली तेव्हा तिच्या पाठीला एवढाल्या जखमा झाल्या होत्या. पाटलाच्या घरात तीन सुना, पण वास येतो म्हणून एकीने हात लावला नाही. तू रोज जाऊन तिला कुशीवर वळवायचीस, जखमा धुवायचीस, पावडर लावायचीस. पावसाळाभर गेलीस. म्हातारीची पाठ कोरडी झाली, आणि ती मेली ती आपल्या मरणाने मेली, कुजून नाही.

आणि त्याचं काय मिळालं? मांदेली. उरणच्या डॉक्टरला बोलावलं की त्याला पापलेट जायचं, केळीच्या पानात गुंडाळून, वर दोन्ही हात जोडून. तुला वाट्यात उरलेली मांदेली, तीसुद्धा पोराच्या हातून. एकदा कुणीतरी बोंबील दिले ते इतके नरम होते की मी मांजरीला घातले. मांजरीने तोंड फिरवलं. तू हसलीस. मी हसले नाही.

'दवाखान्यात पगार घेतेस ना?' मी म्हटलं. 'मग इथे का नाही? काम तेच, हात तेच.'

'दवाखान्यान मी नर्स हाय,' तू म्हणालीस. 'गावान मी लेक हाय. लेक पैशे घेतंय का?'

'लेकीला गाव काय देतं?'

'येल आली तर गाव देल.'

हा वाद आपला कधी संपला नाही. तू भांडी घासता घासता मला सांगायचीस की मुंबईच्या इस्पितळात माणूस पैसे टाकतो, सेवा विकत घेतो आणि तरी एकटाच मरतो. गावात कुणी एकटं मरत नाही. मी सांगायचे की तू बघत असतेस म्हणून नाही मरत, गाव बघतं म्हणून नाही. तू म्हणायचीस, तू बाजारातली, तुला भावच कळतो. मी म्हणायचे, हो, भाव कळतो, म्हणूनच चिडते. मग तू कोळसा विझवायचीस आणि झोपायला जायचीस, कारण सकाळी पहिली गाडी धरायची असायची. बरोबर कोण होतं ते आता ठरलं आहे. मला ते जिंकायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते, कारण ती माझ्या अंगावरची आहे. माझी सुली तुझ्या हातांवर आली. ती आली आणि पाठोपाठ माझं रक्त थांबेना. सुईणीने हात टेकले. तुझा भाऊ ओट्यावर डोकं धरून बसला होता. तू माझ्या पोटावर मूठ रोवून बसलीस ती हललीच नाहीस, तुझ्या कपाळावरचा घाम माझ्या तोंडावर पडत होता आणि तू मला शिव्या देत होतीस. 'डोलं मिटू नको, मिटलंस तर थोबाडीन देन.' त्या दिवसाचं मोल मला कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. बाजारातली असूनही.

मग तुला खोकला लागला. तू महिनाभर तो धुळीवर, पावसावर, मिठावर ढकललास. दवाखान्यात क्षयाचे रोगी येत, तूच त्यांना सुया टोचायचीस, त्यांच्या थुंकीची भांडी तूच उकळायचीस, तुला काय कळत नव्हतं? कळत होतं म्हणूनच गप्प होतीस. शेवटी डॉक्टरने जबरदस्तीने मुंबईला फोटो काढायला लावला आणि फोटोत छातीवर डाग दिसला. दवाखाना चालवणाऱ्या शेठजींच्या मंडळाने दुसऱ्याच आठवड्यात तुला घरी बसवलं. रोगी नर्स ठेवली तर रोगी यायचे नाहीत, म्हणाले. तू तिथे कायम नव्हतीस, म्हणून रजा नाही, पगार नाही. तू मेलीस तेव्हा मात्र त्यांच्याकडून झेंडूचा मोठा हार आला. पगार थांबल्यापासून त्यांच्याकडून आलेली ती पहिली वस्तू.

मुंबईच्या त्या वारीला मी तुझ्याबरोबर होते, लाँचमधून गेलो. तू काठाला बसून मागे सुटणारी आपली खाडी बघत होतीस आणि दर थोड्या वेळाने रुमालात बघत होतीस. सरकारी इस्पितळात ओळीत उभं राहून उभं राहून माझे पाय सुजले. मोठे डॉक्टर आपल्यासमोर एकमेकांशी इंग्रजीत बोलले. तुला सगळं समजत होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तू ते त्यांना कळू दिलं नाहीस. मी विचारलं काय म्हणाले, तर म्हणालीस, 'सुया घेवाला लागतील, बाकी काय नाय.' मग तुझ्याबरोबर शिकलेली एक सिस्टर भेटली. तिने तुला मिठी मारायला हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबवले. तू स्वतःच मागे सरकलीस, तिची पंचाईत होऊ नये म्हणून.

तिने आपल्याला व्हरांड्यातून आत नेऊन वॉर्ड दाखवला. खाटांवर माणसं, खाटांच्या मधे जमिनीवर माणसं. एवढ्या सगळ्यांना एक नर्स आणि एक आया. नातेवाइकांना आत यायची बंदी, आणि आयाच्या हातावर नाणं टेकवल्याशिवाय भांडं मिळायचं नाही. एक बाई चादर ओढून ओढून हाका मारत होती, तिच्याकडे कुणी बघेना. मला संताप आला. तू म्हणालीस, 'येकटी पोरगी काय काय करंल?' त्या आजारपणातही तुझी बाजू नर्सची. इथली फुकट खाटसुद्धा नंबराने, नंबर पावसाळ्यानंतर लागला तर लागेल. सिस्टर हळूच म्हणाली की घाटावर एक आरोग्यधाम आहे, तिथे खाट लगेच मिळते, हवा चांगली, नर्सा पुरेशा, दूध, अंडी, सुया सगळं वेळेवर. पण पैसे आधी भरावे लागतात. 'हिची छाती अजून वाचण्यासारखी आहे,' ती मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली. 'उशीर करू नका.'

वाचण्यासारखी आहे. हे शब्द मी लाँचमधून घरी घेऊन आले.

माझ्या पाटल्या उरणच्या सोनाराकडे गेल्या, त्यावर तुझ्या सुया आणि गोळ्या चालू झाल्या. तुझ्या भावाची होडी गावातल्या चौघांची मिळून, ती त्याला एकट्याला विकता येईना. माझ्या भावाने दिलं ते दिलं. घाटावरच्या खाटेला ते पुरत नव्हतं. मग मला गावकीचा गल्ला आठवला.

तुला माहीत होता तो गल्ला. देवळात, गाभाऱ्याच्या मागे, पत्र्याची पेटी, किल्ली हिरू पाटलाकडे. दर होडीमागे, दर लग्नामागे त्यात पैसे पडतात आणि ते फक्त मयतीला निघतात. लाकडं, तिरडी, भजनी मंडळी, तेराव्याचं गावजेवण. आपल्या गावात भिकाऱ्यालासुद्धा राजासारखं जाळतात, असं माणसं अभिमानाने सांगतात. मी म्हटलं, यातली एक मयत कमी करता येईल.

पाटील देवळाच्या कट्ट्यावर जाळं विणत बसला होता, बरोबर गावकीची आणखी माणसं. मी डोक्यावरून पदर घेऊन गेले. पाया पडले. मी कधी कुणाच्या पाया पडत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून सांगते. सगळं सांगितलं. खाट आहे, हवा आहे, सिस्टर म्हणाली वाचेल. गल्ल्यातले पैसे द्या, तिचा भाऊ फेडेल.

पाटलाने जाळ्यातली सुई थांबवली नाही. 'सूनबाय, यो गल्ला मयतीचा हाय.'

'माहीत आहे, पाटील. मयत होऊ नये म्हणून मागते.'

'जित्या मानसाला यातनं पैशे दिले तर उद्या कुनाचा दात दुखला तरी पेटी उघडाला लागंल. बापजाद्यांची रीत हाय ती. मी कोन मोडनारा?'

'तुमच्या आईची पाठ कुणी धुतली?'

पाटील मला ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी प्रेमाने बोलला. 'पोरगी लाखान येक हाय. आमी काय नाय बोलतंय काय? तिचे टायमाला गावकी हात आखडनार नाय. घरटी मानूस येल. बगशील तू.'

'तिचा टाइम आताच आहे,' मी म्हटलं. पण तोवर तो दुसऱ्या कुणाशी भरतीचं बोलायला लागला होता.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. घरी आले तर तू खाटेवर उठून बसली होतीस. 'काय बोलला पाटील?' डोळ्यांत इतकी आशा होती की मला तुझा राग आला. मी म्हटलं, 'गावकी बसेल आणि ठरवेल, नाही म्हणाले नाहीत.' तू उशीला टेकलीस आणि म्हणालीस, 'बोल्ली व्हती ना मी?' जिंकल्यासारखी हसलीस. मी खोटं बोलले आणि परत तशी वेळ आली तर परत बोलेन. तुझ्या छातीत जेवढी हवा उरली होती तेवढ्यात तुला गावाचा अभिमान बाळगायचा होता, तर बाळग, मी कशाला काढून घेऊ? दर आठवड्याला विचारायचीस, गावकी बसली का? मी सांगायचे, पाटलाच्या घरी लग्न आहे, झालं की बसतील. लग्न झालं. आपल्याला बोलावणं नव्हतं.

मग मागची खोली तुझं इस्पितळ झाली आणि तू एकाच वेळी तिथली पेशंट आणि मेट्रन. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली गेले पाहिजेत. खिडकी उघडी. थुंकीच्या डब्यात फिनेल, मग राख, मग चुलीत. तुझं ताट वेगळं, ते रोज उकळायचं. मी तोंडाला फडकं बांधायचे, तुझ्या मागच्या बाजूने अंग पुसायचे. गाठ सैल दिसली की तू तोंड फिरवून श्वास रोखून धरायचीस, मी ती घट्ट करेपर्यंत. 'हाताला काम येतंय तुझ्या,' एकदा म्हणालीस, 'पन चादर अजून बोंबलासारखीच.' एवढ्या वर्षांत तू केलेलं ते माझं सगळ्यात मोठं कौतुक.

सुलीला तू पहिल्याच दिवशी उरणला मामाकडे धाडायला लावलंस. तिच्या वाढदिवसाला मामा तिला घेऊन आला, तेव्हा तू तिला अंगणाच्या पार टोकाला, शेवग्यापाशी उभी करायला सांगितलंस आणि खिडकीतून म्हणालीस, 'फिर. परत फिर.' नव्या फ्रॉकचा घेर बघायला. पोरगी गोल गोल फिरत राहिली, थांब म्हणून कुणी सांगेना. शेवटी चक्कर येऊन बसली आणि रडली, आणि तुला उठून तिच्याकडे जाता येईना. तेव्हा तू रडलीस. मला तुझ्या आजारपणातलं बाकी सगळं विसरता येईल, ते नाही.

आणि गाव? गाव वाईट नव्हतं म्हणे. भाकऱ्या यायच्या. कुंपणाच्या खांबावर ठेवून जायचे, लांबून हाक मारून. ज्या बायकांना तू बाळंत केलंस त्या आपल्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावायच्या आणि पावलं भराभर टाकायच्या. मी पाणी भरून वळले की विहिरीचा दोर धुवायच्या. एकही ओट्यापर्यंत आली नाही. तू आवाजावरून ओळखायचीस. 'ती मंजुला गेली काय? तिच्या पोराचा कान बरा झाला का विचार.' मी विचारलं नाही. बहिरं होवो, असं मनात म्हटलं.

तुझा भाऊ? तो दारापर्यंत यायचा. तिथून म्हणायचा, 'बाय, बरी हायेस ना?' तू म्हणायचीस, 'हाय रे.' मग तो होडीवर जायचा. मी त्याला बोलायचं ते बोलले आहे, इथे परत लिहीत नाही.

तू गेलीस ती दुपारी, ओहोटीला. मी तुला कुशीवर वळवत होते. तू म्हणालीस, 'जरा हलू,' आणि मग तुझं वजन बदललं. मला वाटलं तू मला मदत करतेयस.

बाय, त्यानंतर जे झालं ते बघायला तू हवी होतीस. मी ओट्यावर येऊन तुझ्या भावाला सांगितलं आणि तासाभरात अंगण भरलं. घरटी माणूस, पाटील म्हणाला होता तसंच. लाकडं आली, चंदनाचा तुकडासुद्धा आला. भजनी मंडळी आली, टाळ वाजले. ज्यांनी पदर लावले होते त्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, नाकंबिकं माझ्या खांद्याला पुसून. खांदा द्यायला चढाओढ लागली. तुला उचलताना मी बघत होते, एवढे हात, एवढे दणकट हात, यातला एकही मला तुला कुशीवर वळवायला मिळाला नाही. आणि पाटलाने सगळ्यांसमोर रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. गल्ल्यातली. मोजू नकोस, कमी पडले तर आणखी देऊ, म्हणाला. घाटावरच्या खाटेला पुरले असते.

मला ती पुरचुंडी त्याच्या तोंडावर मारायची होती. तुझ्या भावाने माझा हात धरला. मग मीच विचार केला आणि ती कनवटीला लावली.

तेराव्याचं गावजेवण मी घातलं. कशात काही कमी केलं नाही. पांढरा भात, काळ्या वाटाण्याचा रस्सा, वडे, खीर. आपल्या गावची रीत आहे, गावकीची पहिली पंगत उठेपर्यंत त्या दिवशी एकही होडी पाण्यात जात नाही. भरती दुपारची होती. माणसं लवकर आली, हातपाय धुतले, आणि ओट्यावर, वाऱ्याला, सावलीत मांडी ठोकून बसली.

मी पत्रावळ्या उचलल्या आणि मागच्या खोलीत मांडल्या.

'सूनबाय, हितं मांड ना,' पाटील म्हणाला. 'वारा लागंल.'

'रीत आहे ना, पाटील,' मी म्हटलं. 'जिथे जीव गेला, जिथे दिवा आहे, तिथे पहिली पंगत. तुमच्या आईच्या वेळी कुठे बसले होते सगळे?'

'यो दुखना येगला व्हता...'

'रीतीत दुखण्याचं काही नाही. मयतीचंच आहे.'

तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता, जन्मात पहिल्यांदा बघावं तसा. बाहेर पाणी चढत होतं, होड्या दोरांना ओढ देत होत्या. मी दारात वाढायचं ओगराळं घेऊन उभी राहिले आणि हलले नाही. शेवटी पाटील उठला. मग एकेक उठला.

तुला सांगून ठेवते, खोली मी तीनदा सारवली होती, भिंतींना चुना दिला होता, खाट आणि गादी उन्हात टाकून नंतर जाळली होती, सगळं तू सांगितलंस तसं. गावाला रोग द्यायचा माझा विचार नव्हता. भीती द्यायची होती, पोटभर. ते मी त्यांना सांगितलं नाही की खोली स्वच्छ आहे. ते आत आले, दाराशी अडखळले, अंग चोरून भिंतीपासून लांब बसले. कुणी श्वास मोठा घेईना. मी वाढत गेले. 'घ्या. इथेच तिची खाट होती. पाटील, तुम्ही बसलात तिथे उशी.' आवाज गोड ठेवला. तू ज्या आवाजात सुई टोचायच्या आधी पोरांशी बोलायचीस, तोच. एकाला घास गिळेना, तो नुसता भात चिवडत होता. मी त्याला आग्रह केला. तेराव्याचं पान टाकून उठता येत नाही. मला बरं वाटलं, बाय. लाज वाटायला हवी असं तू म्हणशील. वाटली नाही. तू आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मला भूक लागली.

रश्श्यात मिरची जरा सढळ हाताने पडली होती. पाटलाला ठसका लागला. साधा ठसका, पण जबर, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी. आणि तो खोकताच त्याच्या डाव्या बाजूच्या माणसाने आपली पत्रावळ उचलून बाजूला सरकवली. उजव्या बाजूच्यानेही. त्यांच्या पलीकडचे सरकले. बघता बघता पाटलाच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी झाली. तो खोकता खोकता आधी इकडे बघायला लागला, मग तिकडे, मग माझ्याकडे. पाण्याचा तांब्या माझ्या पायाशी होता.

तू असतीस तर धावली असतीस. पाठीवर हात फिरवला असतास, पाणी पाजलं असतंस, आणि हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

मी पुढच्या पानापाशी वाकले आणि विचारलं, 'भात वाढू का?'